काड्या फुल्ल, तरी कॉल कट: कोकणात नेटवर्क बदलताना होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीत किंवा मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी दोन दिवसांत एक वाक्य हमखास बोलतो: "तुमच्याकडे रेंजच नाही." त्याचा फोन हातात घेऊन बघावं, तर निम्म्या वेळा रेंज असते. ओटीवर उभं राहून बोललं की कॉल छान चालतो, मागच्या पडवीत उभं राहिलं तरी चालतो. ओटीवरून पडवीत चालत जाताना मात्र तुटतो. चिपळूण-गुहागर रस्त्यावर मार्गताम्हाण्यात गाडी उभी असताना व्हिडिओ कॉल चालतो, शृंगारतळीतही चालतो, आणि मधल्या एखाद्या वळणावर समोरच्याचा चेहरा गोठतो. म्हणजे दुखणं असतं ते फोन एक नेटवर्क सोडून दुसरं धरतो त्या सांध्यात. मोबाइलवाले याला हँडओव्हर म्हणतात, वायफायवाले रोमिंग.

दापोली-गुहागर पट्ट्यात होमस्टे, छोटी हॉटेलं आणि घरून काम करणाऱ्यांची घरं, यांचं नेटवर्क बसवणं हे माझं रोजचं काम. लोकांनी ताकद वाढवायला भरपूर पैसे घातलेले दिसतात. मोठ्या अँटेनाचा राउटर, वर वायफाय पुढे पोचवणारा एक एक्स्टेंडर, क्वचित कुठून तरी मागवलेला मोबाइल सिग्नलचा बूस्टर. सांध्याकडे बघितलेलं नसतं. आणि नुसती ताकद वाढवली की सांधा बरेचदा आणखी बिघडतो, हे ऐकून माणसं चक्रावतात.

तपासणी न करता राउटर विकत घेणे

फोन जागा बदलतो ती तीन प्रकारे, आणि प्रत्येक वेळी निर्णय घेणारा वेगळा असतो. टॉवरवरून टॉवरवर जाताना निर्णय कंपनीचं नेटवर्क घेतं. शेजारचा टॉवर किती चांगला ऐकू येतोय एवढंच फोन कळवतो. घरातल्या एका राउटरवरून दुसऱ्यावर जाताना निर्णय फोनचा. वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातानाही फोनचाच, पण तिथे प्रत्येक बनावटीच्या फोनची अक्कल वेगळी चालते. घरातल्या दोन राउटरांच्या भांडणासाठी कस्टमर केअरला फोन करण्यात अर्थ नाही, तसाच घाटातल्या वळणासाठी राउटर बदलण्यातही नाही.

कुठला सांधा बिघडलाय ते घरच्या घरी कळतं. वायफाय पूर्ण बंद करा आणि ज्या वाटेवर कॉल तुटतो त्याच वाटेने बोलत चाला. मग मोबाइल डेटा बंद, वायफाय चालू, व्हॉट्सॲप कॉल लावा आणि तीच वाट पुन्हा चाला. पहिल्या फेरीत तुटला तर मोबाइल नेटवर्ककडे बघा. दुसऱ्या फेरीत तुटला तर राउटरांकडे. दोन्ही फेऱ्यांत टिकला, आणि दोन्ही चालू ठेवल्यावरच तुटतो, तर वायफाय आणि मोबाइल यांच्यातली अदलाबदल नीट होत नाही.

हे करताना काड्यांवर विश्वास ठेवू नका. काड्या किती दाखवायच्या हे फोनची कंपनी ठरवते. आकडे बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* लावून कॉलचं बटण दाबायचं. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची पातळी: उणे ८० डीबीएमच्या आसपास उत्तम, उणे ११० च्या खाली गेली की जेमतेम. दुसरा आकडा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते. २० च्या वर असेल तर झकास, शून्याच्या खाली गेला तर काड्या पाच असल्या तरी आवाज तुटक येणार. ज्यांच्या फोनवर हे कोड चालत नाहीत त्यांनी 'नेटवर्क सेल इन्फो'सारखं एखादं ॲप घ्यावं.

दुसरा राउटर पेटीतून काढून तसाच जोडणे

कोकणातल्या होमस्टेंमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक ही, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

पालशेतकडच्या एका घराचं उदाहरण घेऊ. पुढे जुनं चिऱ्याचं कौलारू घर, मागे पोफळीच्या वाडीला लागून पाहुण्यांसाठी बांधलेल्या स्लॅबच्या नव्या खोल्या. फायबरची पेटी आणि राउटर माजघरात, टीव्हीच्या वर, देवांच्या फोटोशेजारी. मागच्या खोल्यांत नेट पोचत नाही म्हणून काकूंनी चिपळुणातून दुसरा राउटर आणला, मुलाने माजघरातून वायर नेऊन तो खोल्यांच्या व्हरांड्यात लावला. काकूंची तक्रार अशी: "अरे, एक राउटर होता तेव्हा मागे नेट नव्हतं. आता दोन झाले तर चालता चालता तुटतं. पैसे घालून काय मिळवलं?"

व्हरांड्यातला राउटर उतरवून पाठ बघितली तर वायर निळ्या, वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरचं इंटरनेट घ्यायच्या भोकात. म्हणजे दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटलेलं. पुढचा फोनला १९२.१६८.१ ने सुरू होणारा आयपी पत्ता देतो, मागचा १९२.१६८.० ने सुरू होणारा. पाहुणा ओटीवरून खोलीकडे निघाला की फोनचा पत्ताच बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर चालू असलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून जोडावं लागतं. व्हॉट्सॲप 'रिकनेक्टिंग' दाखवत सावरतं, ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खासगी वाट, कोसळतं.

यावर खर्च शून्य. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असतो, तो चालू करायचा. जुन्या मॉडेलमध्ये तो नसेल तर त्या राउटरचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, त्याला पहिल्या राउटरच्या मालिकेतला पण कुणाला न दिलेला पत्ता द्या, आणि वायर वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, भोकात घाला. आता पत्ते वाटणारा एकच. मग दोन्हींवर वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अक्षरशः सारखा ठेवा. एकावर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए३ असेल तर नाव सारखं असूनही काही फोन उडी मारताना अडखळतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११. दोघांनाही 'ऑटो'वर सोडू नका, कारण लाइट जाऊन आली की दोघं पुन्हा एकाच चॅनलवर बसलेले सापडतात.

नाव सारखं ठेवावं की वेगळं, यावर आमच्या धंद्यातही दोन तट आहेत. एक्स्टेंडर स्वतःहून मूळ नावाला 'ईएक्सटी' अशी शेपटी जोडतो आणि लोक ती तशीच ठेवतात. माझं मत सरळ आहे: चालत्याफिरत्या फोनसाठी नाव एकच हवं. नाव वेगळं असेल तर फोनच्या लेखी ती दोन परकी नेटवर्कं, आणि पहिलं पूर्ण मरेपर्यंत तो दुसऱ्याकडे बघत नाही. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता, म्हणजे फोनची ओळख सांगणारा क्रमांक, वापरतात. त्यामुळे तुम्ही पाहुण्यांना कूपन देऊन लॉगिन करायला लावत असाल, तर 'ईएक्सटी'वर गेलेला पाहुणा पुन्हा लॉगिनच्या पानावर येतो आणि तुम्हाला हाक मारतो. सीसीटीव्ही आणि टीव्ही जागचे हलत नाहीत. त्यांना हवं तर वेगळं नाव द्या.

आता ताकदीचा मुद्दा. दोन्ही राउटर 'हाय' पॉवरवर ठेवले की फोन पहिल्याला सोडतच नाही. निघतो निघतो म्हणत उंबऱ्यावर अर्धा तास गप्पा मारणारा पाहुणा असतो ना, तसा: ओटीवरच्या राउटरचा क्षीण सिग्नल धरून तो मागच्या खोलीत बसतो, डोक्यावर दुसरा राउटर असताना. ॲपलने आपले नियम जाहीर केलेले आहेत. आयफोन उणे ७० डीबीएमपर्यंत पकडलेला राउटर सोडायचा विचारच करत नाही. त्यानंतर शोध घेतो, आणि डेटा चालू असेल तर नवा राउटर किमान ८ डीबीने, काही चालू नसेल तर १२ डीबीने सरस असेल तरच उडी मारतो. अँड्रॉइडवाल्यांचे आकडे वेगवेगळे, पण वळण हेच.

चिऱ्याच्या घरात याचा परिणाम फार स्पष्ट दिसतो. दीड फुटी भिंत, त्यात चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेला. माजघराच्या दारात उणे ६० दाखवणारा फोन दार ओलांडून चार पावलं टाकतो तोवर उणे ८० च्या पलीकडे. शोध घ्यायला, तुलना करायला, जोडणी करायला वेळच उरत नाही. म्हणून दुसरा राउटर खोलीच्या अगदी आत न लावता अशा जागी लावा, की मधल्या दारात उभं राहिल्यावर दोन्ही राउटर साधारण उणे ६७ च्या आसपास ऐकू यावेत. त्या घरात तो व्हरांड्याच्या लांबच्या टोकावरून मागच्या दारासमोरच्या खांबावर आणला आणि दोघांची पॉवर 'मीडियम' केली. फोनची स्वतःची पॉवर राउटरपेक्षा कमी असते हेही विसरू नका. राउटरचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, फोनचा तिथून परत पोचत नाही. मग काड्या दिसतात आणि पान उघडत नाही.

राउटरमध्ये ८०२.११के आणि ८०२.११व्ही असे पर्याय असतील तर चालू करा. पहिला फोनला शेजारी कोण आहे त्याची यादी देतो, दुसरा 'तू आता तिकडे जा' असं सुचवतो. तिसरा ८०२.११आर, जोडणीतली ओळखपरेड आधीच उरकून घेणारा. तो उपयोगी आहे, पण काही जुने फोन आणि प्रिंटर त्याने जोडलेच जात नाहीत, तेव्हा चालू केल्यावर घरातलं प्रत्येक यंत्र एकदा तपासा.

मेशचा, म्हणजे आपापसात बोलून एकच वायफाय चालवणाऱ्या पेट्यांचा, संच घेतला म्हणजे प्रश्न सुटला, असं नाही. दोन मेशपेट्यांमध्ये ओला चिरा आला तर त्यांचं आपापसातलं बोलणंच तुटक होतं. मध्ये वायर टाका. घर आणि खोल्या वेगळ्या इमारती असतील तर तांब्याच्या लॅन वायरऐवजी फायबर टाकलेली बरी. वळवाच्या गडगडाटात जमिनीवरून गेलेल्या तांब्याच्या वायरीने दोन्हीकडची भोकं जळालेली दर वर्षी बघायला मिळतात.

विमान मोडवर वायफाय कॉलिंग

घरात रेंज कमी म्हणून वायफाय कॉलिंग चालू करणं योग्यच. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणलं, त्यामुळे चिऱ्याच्या घरांची मोठी सोय झाली. पण काही जण बॅटरी वाचवायला फोन विमान मोडवर टाकतात आणि फक्त वायफाय चालू ठेवतात. कॉल येतात-जातात, सगळं ठीक. मग बोलता बोलता समुद्राकडे निघतात आणि फाटकाशी कॉल मरतो.

वायफाय कॉल चालतो तेव्हा तुमचा आवाज राउटरमधून एका कुलूपबंद बोगद्यातून कंपनीच्या गेटवेपर्यंत जातो. फोन बाहेर पडताना तोच कॉल ४जी टॉवरवर घेता येतो, पत्ताही तोच राहतो, कारण तो कंपनीच्या आत नांगरलेला असतो. अट एवढीच, की फाटकाशी पोचेपर्यंत फोनने टॉवर धरायला सुरुवात केलेली हवी. विमान मोडमध्ये त्याला टॉवर माहीतच नसतो. आणि फाटकाबाहेर ४जी नसून फक्त २जी असेल, तर वायफायवरचा कॉल तिथे उतरून टिकेल अशी आशा धरू नका. आत बोलणं उरकून मग बाहेर पडा.

फोनमध्ये 'वायफाय प्रेफर्ड' आणि 'सेल्युलर प्रेफर्ड' असा पर्याय असेल तर घरातला आरएसआरपी बघून ठरवा. उणे १०५ किंवा त्याहून बरा असेल तर सेल्युलर ठेवा, एक सांधा कमी झाला. त्याहून वाईट असेल तर वायफाय.

हॉटेलवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. हा कुलूपबंद बोगदा यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टांवरून जातो. पाहुण्यांच्या नेटवर्कवर कडक फायरवॉल लावताना ही पोर्टं बंद झाली, किंवा राउटरमधलं 'आयपीसेक पासथ्रू' बंद राहिलं, तर नेट धावतं आणि वायफाय कॉलिंगचं चिन्ह मात्र कधीच येत नाही.

घरून काम करणाऱ्यांचं दुखणं याच कुळातलं. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं की पत्ता बदलतो, आणि जुन्या पद्धतीचं व्हीपीएन पत्त्यालाच बांधलेलं असतं. आयकेईव्ही२ या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये मोबाइक नावाची सोय २००६ पासून प्रमाणित आहे, ती असेल तर पत्ता बदलूनही व्हीपीएन टिकतं. वायरगार्ड नावाचा दुसरा प्रकारही हे निमूटपणे करतो. आयटी विभागाला यातलं काय उपलब्ध आहे ते विचारा. तोपर्यंत महत्त्वाच्या मीटिंगला दोनपैकी एक नेटवर्क हाताने बंद करून बसा. 'दोन्ही चालू असलेली बरी' हा हिशेब मीटिंगमध्ये चालत नाही.

मेलेल्या वायफायला चिकटून राहणे

लाइट गेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला, पण फायबरची पेटी दुसऱ्या प्लगवर होती. आता वायफायचा सिग्नल फुल्ल आणि मागे इंटरनेट नाही. फोन बराच वेळ त्यालाच धरून बसतो. अँड्रॉइडमध्ये 'मोबाइल डेटावर आपोआप जा' अशा अर्थाचा पर्याय, आयफोनमध्ये 'वायफाय असिस्ट', हे चालू ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेटी आणि राउटर एकाच बॅकअपवर घ्या. १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस दोन्ही चालवू शकतो. विकत घेण्याआधी दोन्ही ॲडाप्टरांवरचे अँपिअर बेरीज करून बघा. पावसाळ्यात लाइट पाच-दहा सेकंदच जाते, पण तेवढ्याने बंद पडलेला राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि वायफायवरचा कॉल हँडओव्हरची संधी न मिळताच मरतो.

घाटात, बोगद्यात आणि खाडीवर

इथे तुमच्या हातात कमी आहे. तरी काय घडतं ते माहीत असलं की निम्मा त्रास वाचतो.

टॉवर बदलायच्या आधी शेजारचा टॉवर ठरलेल्या फरकाने सरस आहे, आणि काही काळ सरसच राहतो, याची खात्री केली जाते. तो काळ शून्यापासून ५१२० मिलिसेकंदांपर्यंत ठरवता येतो. समजा कंपनीने ६४० ठेवलाय आणि गाडी ताशी ६० ने चाललीय. म्हणजे साधारण ११ मीटर अंतर नुसतं खात्रीत गेलं. सपाट रस्त्यावर ते काहीच नाही. घाटाच्या वळणावर मात्र डोंगराची सोंड आडवी येते आणि ११ मीटरांत जुना टॉवर पूर्ण झाकला जातो. टॉवर बदलण्याचा हुकूम जुन्या टॉवरवरूनच यायचा असतो. तो ऐकूच आला नाही तर हँडओव्हर कसला? याला उशिरा झालेलं हँडओव्हर म्हणतात. उलट तो काळ फार कमी ठेवला तर फोन दोन टॉवरांमध्ये झोके घेत बसतो.

आंबा घाटाच्या माथ्यावर किंवा आंबोलीत उलटा प्रकार भेटतो. तिथून खालचे बरेच टॉवर एकाच वेळी, जवळपास सारख्याच ताकदीने दिसतात. काड्या भरगच्च, एसआयएनआर रसातळाला. लोक अशा वेळी आणखी उंच जागा शोधतात. उलट करा: इमारतीच्या किंवा गाडीच्या आडोशाला जा, म्हणजे एका बाजूचे टॉवर झाकले जातील आणि उरलेला एक नीट ऐकू येईल.

बोगद्यात हँडओव्हर होतच नाही, कारण पलीकडे धरायला काही नसतं. कोकण रेल्वेचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गाडी ताशी शंभरने गेली तरी आत चार मिनिटं, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. जोडणी तुटल्यावर फोन ती सावरायचा प्रयत्न करतो तो सेकंदांच्या हिशेबात. तेव्हा रत्नागिरीच्या अलीकडे-पलीकडे महत्त्वाचा कॉल लावूच नका, मेसेज टाका. सिग्नल आला की तो आपोआप जातो. बोगद्यातून बाहेर आल्यावर फोन २जीवर किंवा 'नो सर्व्हिस'वर अडकून राहिला, तर विमान मोड एकदा चालू-बंद करा. चालत्या गाडीत दर दोन मिनिटांनी तेच करत राहिलात तर प्रत्येक वेळी नोंदणी पहिल्यापासून होते आणि सलग सिग्नल कधीच मिळत नाही.

खाडीवरची गंमत वेगळी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या जेटीवर उभं राहा. पाण्यावर आडवं येणारं काही नसल्याने पलीकडच्या तीरावरचा, कधी त्याच्याही पुढचा टॉवर जवळच्या टॉवरइतकाच ठणठणीत ऐकू येतो. फोन तो धरतो. मग तुम्ही जेटीवरून गावात वळता, मध्ये टेकडी येते, आणि त्या लांबच्या टॉवरच्या शेजाऱ्यांच्या यादीत तुमच्या गावचा टॉवर असेलच असं नाही. यादीत नाही म्हणजे हँडओव्हर नाही. जेटीवरून निघाल्यावर ठरावीक वळणाला कॉल तुटतो तो बरेचदा यामुळे. हा दोष कंपनीच्याच हातून दुरुस्त होतो, आणि तक्रार नेमकी असेल तर लवकर होतो.

मुंबईच्या सिमवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे वेगळं सर्कल आहे, कोकणातली गावं महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतात. त्यामुळे मुंबईचं सिम गावी काही वेळा रोमिंगवर, म्हणजे दुसऱ्या सर्कलच्या नेटवर्कवर, जातं. 'डेटा रोमिंग' बंद असेल तर कॉल चालतो आणि नेट ठप्प. ते चालू करा. देशातल्या देशात चालू ठेवायला घाबरायचं कारण नाही. बांद्याहून गोव्यात शिरताना मात्र सर्कल बदलत नाही.

५जीबद्दल थोडक्यात. चिन्ह सारखं ४जी-५जी-४जी असं बदलत असेल तर प्रवासापुरतं फोनला ४जीवर ठेवा. बॅटरी वाचते, उड्या कमी होतात, आणि कॉलसाठी ४जी पुरेसं आहे. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर ४जी गेलं की कॉलला खाली उतरायला जागा नसते. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांच्याकडे २जी अजून आहे. घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्यांनी दोन सिमं वेगवेगळ्या कंपन्यांची ठेवावीत, पण दोन्हींमध्ये डेटा आपोआप अदलाबदल करण्याचा पर्याय मीटिंगच्या वेळी बंद.

आवाज गेला की लगेच कट करणे

समोरचा गप्प झाला की आपण दोनदा "हॅलो, हॅलो" करतो आणि लाल बटण दाबतो. हँडओव्हर फसल्यावर फोन जवळच्या टॉवरवर जोडणी पुन्हा उभारायचा प्रयत्न करत असतो, आणि जमलं तर एक-दोन सेकंदांच्या शांततेनंतर तोच कॉल पुढे चालू होतो. ते जमायच्या आतच आपण कट करतो. मग दोघंही एकमेकांना परत लावतात आणि दोघांनाही बिझी लागतो. मनात पाचपर्यंत मोजा. आणि कॉल खरंच तुटला तर ज्याने लावला होता त्यानेच परत लावायचा, हे घरात ठरवून टाका.

पैशांच्या बाबतीत हीच घाई महाग पडते. हर्णे बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घेतली, क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, आणि तेवढ्यात फोनने लॉजचं क्षीण वायफाय सोडून मोबाइल डेटा धरला. तुमची विनंती बँकेपर्यंत गेलेली असू शकते. परत यायचं उत्तर जुन्या पत्त्याबरोबर हरवलं. पडद्यावर 'पेंडिंग'. समोर गिऱ्हाइकांची झुंबड, म्हणून माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो. आधी खात्यातली शिल्लक किंवा बँकेचा मेसेज बघा. पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. पैसे देण्याआधी वायफाय बंद करायची सवय लावली तर बहुतेक वेळा हा प्रसंगच येत नाही.

बूस्टर

मोबाइल सिग्नलचा बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे. ते बाजूला ठेवलं तरी तो शेजारच्या टॉवरच्या कानाशी गोंगाट करतो आणि आळीतल्या सगळ्यांचे हँडओव्हर बिघडवतो. घेऊ नका. घरात वायफाय कॉलिंग नीट बसवा, काम होतं.

"रेंज नाही" एवढीच तक्रार करणे

१९८ हा मोफत तक्रार क्रमांक आहे. तक्रार नोंदवली की डॉकेट क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा; समाधान झालं नाही तर त्याच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. पण "आमच्याकडे रेंज नाही" या तक्रारीवर कंपनीचा माणूस येतो, चौकात उभा राहतो, सिग्नल चांगला बघतो आणि तक्रार बंद करतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. त्या नकाशात तुमचं गाव रंगलेलं असेल, तर तक्रार रेंजची म्हणून न करता कॉल तुटण्याची म्हणून करा.

जागा, दिशा आणि वेळ द्या. "दाभोळ जेटीवरून गावाकडे येताना पहिल्या चढावर, चालू कॉल दर वेळी तुटतो, उलट दिशेने जाताना तुटत नाही" हे वाक्य इंजिनिअरला सोन्यासारखं आहे, कारण एकाच दिशेने तुटणारा कॉल म्हणजे शेजाऱ्यांच्या यादीतली चूक असण्याची शक्यता मोठी. सोबत त्या जागेच्या आधीचा आणि नंतरचा, असे चाचणीच्या पडद्याचे दोन स्क्रीनशॉट जोडा. त्यात पीसीआय नावाचा आकडा असतो, ४जीमध्ये ० ते ५०३ मधला. कोणत्या टॉवरवरून कोणत्या टॉवरवर जाताना कॉल पडला हे त्यावरून कंपनीला कळतं. शेजारच्या दोन-तीन घरांनी तीच तक्रार आपापल्या सिमवरून, तीच जागा लिहून नोंदवली, तर आणखी बरं.